पाडाव

नववीच्या वर्गात एका दुपारी मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. कुणा वरिष्ठाच्या हुकमाखाली असणं. दुरून ओळखू येईल अशी खूण अंगावर असणं. हत्यार उघड बाळगणं. लढाईचे रिवाज पाळणं. नेहमीच्या फौजेत नसलेला लढवय्या शत्रूच्या हाती लागला, तर त्याला युद्धकैदी म्हणायचं की नाही, ते १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं चौथं कलम या अटींवर ठरवतं. युद्धकैदी ठरला की लढला एवढ्याच कारणासाठी त्याला शिक्षा करता येत नाही. त्याला राखायचं, खाऊ घालायचं, लढाई संपली की घरी पाठवायचं.

मग मी विचारलं, "खाज्या नाईकाची माणसं यात बसतात का?"

आमच्या धानोऱ्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. वर्गातली बरीच मुलं भिल्लांची. १८५७ च्या बंडातल्या खाज्या आणि भीमा या भिल्ल नाईकांची नावं त्यांनी माझ्याआधी घरी ऐकलेली. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाईक म्हणजेच वरिष्ठ ना, सर?" दुसरा म्हणाला, "हत्यार उघडच होतं. तीरकामठा लपवणार कुठं?" खुणेपाशी वर्ग अडला. आणि एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बायकांचं काय, सर?"

त्या प्रश्नाकडे येतो, पण आधी तापीकाठच्या थाळनेरला जावं लागेल.

आपल्या जुन्या कागदांत युद्धकैदी हा शब्द नाही. तिथं माणूस 'पाडाव' होतो. किल्ला वेढला गेला, दाणागोटा सरला, की आतला किल्लेदार कौल, म्हणजे अभयाचं वचन, मागे. कौल मिळाला तर शिबंदीला धर्मवाट मिळे, म्हणजे जिवानिशी बाहेर पडायची मोकळीक. हे लेखी कायद्यात नव्हतं, शब्दावर चाले, आणि शब्द मोडल्याचे दाखलेही पुष्कळ आहेत. पण धर्मवाट या शब्दात धर्म आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. हरलेल्याला वाट देणं ही मेहेरबानी नव्हती, ते कर्तव्य मानलेलं होतं.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरच्या किल्ल्यापुढे उभी राहिली. दोनच महिन्यांपूर्वी, २१ डिसेंबर १८१७ ला, याच सेनापतीनं महिदपूरला होळकरांना हरवलं होतं. ६ जानेवारीला मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख कंपनीकडे गेला. थाळनेर त्यातच आलं. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी मात्र किल्ला खाली केला नाही. तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे पडले. मग किल्लेदार बाहेर आले आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

पुढचं सगळं एका दिंडी दरवाजात घडलं. मोठ्या दरवाजाच्या फळीत असलेली ही छोटी दिंडी, एका वेळी एकच माणूस वाकून आत जाईल एवढी. त्यातून काही गोरे अधिकारी आणि थोडे शिपाई आत शिरले. आत अरब शिबंदी होती. हत्यारं खाली ठेवा, असं त्यांना सांगायचं होतं. याची भाषा त्याला कळेना, त्याची याला. बोलणं फिसकटलं, झटापट झाली आणि मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर जागीच मारले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढली. तुळशीराम मामा त्या वेळी किल्ल्यात नव्हते, ते इंग्रजांच्या ताब्यात होते. तरी त्याच दिवशी त्यांना फाशी दिलं.

मी थाळनेरला तीनदा गेलो. पहिल्या खेपेला नंदुरबारहून एसटीनं निघालो, तेव्हा शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरल्या होत्या. किल्ल्याचं आता फार काही उरलेलं नाही. शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांनी काठीनं पडका बुरूज दाखवला आणि म्हणाले, "आठेच फाशी दिन्ही व्हती त्यासले." दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल ते 'त्यासले' असं मानानं बोलले.

हिस्लॉपचं म्हणणं असं की, तहानं किल्ला कंपनीचा झाला होता, त्यामुळे लढणारा किल्लेदार शत्रू नव्हे, बंडखोर. एवढा एक शब्द बदलला की कौल, धर्मवाट, स्वाधीन होणं, सगळं निकालात निघतं. हे खुद्द लंडनलाही खटकलं. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटात या मोहिमेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा किल्लेदाराच्या फाशीला सभागृहाची संमती समजू नये, अशी पुस्ती त्याला जोडावी लागली. मुलांना मी हे आवर्जून सांगतो. तेव्हाच्या काळात तसंच चालायचं, असं कुणी म्हणालं तर ही पुस्ती त्याला दाखवावी.

चाळीस वर्षांनी 'बंडखोर' हाच शब्द सातपुड्यात आला. खाज्या नाईक सेंधवा घाटाचा राखणदार. आग्रा रस्त्यावरच्या मालाची आणि वाटसरूंची जबाबदारी सरकारनंच त्याच्यावर सोपवलेली. १८५७ च्या नोव्हेंबरात त्यानं त्याच घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या डोंगरात मेजर इव्हान्सच्या फौजेनं भिल्लांना गाठलं. मोठमोठ्या धोंड्यांच्या आडून भिल्ल दिवसभर लढले. खाज्याचा मुलगा पोलादसिंग लढाईत पडला. लढाई थांबल्यावर जे जिवंत हाती लागले, त्यांतल्या पन्नासहून अधिक जणांना तिथंच गोळ्या घातल्या. त्याआधी कोर्ट बसलं होतं. रणातच ढोल उलटा ठेवून त्याचं मेज करायचं आणि उभ्या उभ्या निकाल द्यायचा, असं ते कोर्ट. वकील नाही, साक्षीदार नाही, अपील नाही. सुमारे चारशे बायका धरून नेल्या.

अंबापाणीनंतर चौदा महिन्यांनी, २४ जून १८५९ रोजी, इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. तिथले जखमी पाहून आंरी द्युनाँ हेलावला आणि त्यातून रेडक्रॉस उभी राहिली. १८६४ चा पहिला जिनिव्हा करार जखमींसाठी होता. कैद्यांचे नियम १८९९ आणि १९०७ ला हेगमध्ये, मग १९२९ आणि १९४९ ला जिनिव्हात लिहिले गेले. १९७१ च्या युद्धानंतर भारतानं सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी याच नियमांनी ठेवले आणि १९७४ च्या एप्रिलपर्यंत परत पाठवले. देश म्हणून याचा मला अभिमान वाटतो, आणि वर्गात तो मी लपवत नाही.

पण खाज्याच्या माणसांना हे नियम आजही पुरते लागू पडणार नाहीत. ते देशाविरुद्ध देश असे लढत नव्हते. आपल्याच सरकारशी लढणाऱ्यासाठी चारही करारांत मिळून एकच समान कलम आहे, तिसरं. ते त्याला युद्धकैद्याचा दर्जा देत नाही. ते एवढंच म्हणतं, की हत्यार टाकलेल्याला माणुसकीनं वागवा, छळू नका, ओलीस ठेवू नका आणि रीतसर नेमलेल्या न्यायालयाच्या निकालाशिवाय मारू नका. ढोलावरचं कोर्ट या एका ओळीनं बाद होतं. चारशे बायकाही इथंच येतात. त्या मुलीला मी हे कलम वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर मी मुलांशी खोटं बोललो असं होईल. घाटाचा राखणदार असताना खाज्यानं एका संशयिताला पकडून कबुलीसाठी इतकं मारलं, की तो मेला. त्याबद्दल खाज्याला दहा वर्षांची सजा झाली होती. मुदतीआधी सुटला, पुन्हा कामावर घेतला गेला, आणि मग बंडात उतरला. हे ऐकल्यावर एका मुलाचा चेहरा पडला. "मग तो आपला नाही का, सर?" मी म्हटलं, "तो आपलाच आहे रे. पण त्याच्या हातून मेलेला तो माणूससुद्धा आपलाच होता."

त्या तासाच्या शेवटी मी फळ्यावर चार रकाने आखले. नाव, हुद्दा, जन्मतारीख, क्रमांक. तिसऱ्या कराराच्या सतराव्या कलमानं कैद्याला सांगावं लागतं ते एवढंच. अंबापाणीला गोळ्या घातलेल्यांसाठी रकाने भरायला घेतले. नावाच्या रकान्यात खडू टेकला तो तसाच राहिला. पोलादसिंगाचं नाव कुणीतरी सुचवलं, पण तो लढताना पडला, धरला गेला नव्हता. मग भीमा नाईकाचं नाव घेतलं. तो १८६७ ला पकडला गेला, काळ्या पाण्यावर पाठवला गेला. अंदमानात सरकारनं त्याची नोंद ठेवली, म्हणून त्याच्या मरणाची तारीख फळ्यावर लिहिता आली: २९ डिसेंबर १८७६, पोर्ट ब्लेअर.