जादूगार होता येतं, चेटकीण ठरवली जाते

जादूगार, मांत्रिक, भगत, देवऋषी, गारुडी. आता या शब्दांची स्त्रीलिंगी रूपं पटकन सांगा बरं. अडखळलात ना? 'जादूगारीण' असं कुणी म्हणत नाही. तोंडात येतात ते शब्द वेगळेच असतात. चेटकीण. डाकीण.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. पहिली धंद्याची आहे. मंत्र जाणतो तो मांत्रिक. साप-विंचवाचं विष उतरवायची विद्या गरुडाच्या नावाची, म्हणून गारुडी. भगत हा तर सरळ 'भक्त'च. दुसरी यादी मात्र आरोपाची. 'मी चेटकीण आहे, या माझ्याकडे' असं सांगत कुणी बसत नाही. तो शब्द दुसऱ्याने चिकटवलेला असतो.

ही गोष्ट आजची नाही. 'जादू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात आधीपासून होता: 'यातु'. यातु करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 104 वं सूक्त वाचण्यासारखं आहे. त्यात एक जण, परंपरा म्हणते वसिष्ठ, शपथ घेतोय. मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि मला खोटंच यातुधान म्हणणाऱ्याला त्याचे दहा वीर दुरावोत, असा त्या शपथेचा अर्थ. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही 'हा चेटूक करतो' म्हणून माणसावर बालंट येत होतं आणि त्याला जिवाची शपथ घालून ते झटकावं लागत होतं.

'डाकिनी'चं तर बघाच. तिबेटच्या वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी पूज्य आहे, ज्ञान देणारी आहे. तोच शब्द आपल्या सातपुड्यात डाकीण झाला आणि बाईच्या जिवावर उठला. इंग्रजीतही फार वेगळं नाही. 'विझार्ड' आला 'वाइज'वरून, म्हणजे शहाणा. 'सोर्सरर'च्या मुळाशी लॅटिन 'सोर्स', म्हणजे नशिबाची चिठ्ठी. 'विच' मात्र जुन्या इंग्रजीत पुरुषालाही लागायचा आणि बाईलाही. पुढे तो बाईच्याच गळ्यात पडला.

आता सिनेमाकडे या. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके हे स्वतः जादूचे प्रयोग करायचे, हे किती जणांना माहीत आहे? आडनावाची अक्षरं उलटी करून ते 'प्रोफेसर केल्फा' व्हायचे. फ्रान्सचा मेलिएस हाही मूळचा जादूगारच. पडद्यावरची जादू जन्माला घातली ती जादूगारांनीच. 1951 च्या तेलुगू 'पाताळ भैरवी'त एस. व्ही. रंगाराव यांनी नेपाळी मांत्रिक असा रंगवला, की खलनायक असूनही तोच लोकांच्या लक्षात राहिला.

आपलं उदाहरण घ्या. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला 1993 ला. तात्या विंचू हा गुंड, तो बाबा चमत्कारकडे जाऊन मृत्युंजय मंत्र शिकतो. म्हणजे रीतसर गुरू केला, विद्या घेतली! आणि रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण? ती चेटूक कुणाकडे शिकली, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. ती चेटकीण आहे, बस्स. गंमत म्हणजे तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा आणि गाजलेली चेटकीणही त्यांचीच. दोघांनीही पोरांना पोट धरून हसवलं. यात वाईट काहीच नाही. रंगमंचावरची चेटकीण मेकअप उतरवून घरी जाते.

सध्याची पोरं खेळतात त्या गेममध्ये तर मामला आणखी सोपा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. सुरुवातीला 'सोर्सरर' ही जादूगाराची फक्त एक पायरी होती, नववी. 2000 च्या आवृत्तीत तो स्वतंत्र वर्ग झाला. विझार्ड पोथी घोकून शिकतो, सोर्सररच्या रक्तातच जादू असते. यातलं काय व्हायचं ते खेळणारा निवडतो. मुलगा असो की मुलगी, कुणीही काहीही व्हावं. कंटाळा आला की पात्र बदलावं.

गावात निवड नसते. तिथे मूल आजारी पडतं, गाय दूध चोरते, धडधाकट माणूस अचानक जातो. मग घरचे भगताकडे जातात आणि भगत नाव सांगतो. बघा, पहिल्या यादीतला माणूस दुसऱ्या यादीतला शब्द कुणाला चिकटवायचा ते ठरवतो! ते नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं निघतं. विधवेचं, म्हातारीचं, कधी जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या बाईचं. पुढे बहिष्कार, मारहाण, गाव सोडायला लावणं, आणि काही वेळा खून. नंदुरबारकडे या डाकीण प्रथेविरुद्ध कार्यकर्त्यांना आजही काम करावं लागतंय.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. आपण त्याला 'जादूटोणाविरोधी कायदा' म्हणतो, त्यामुळे अनेकांना वाटतं की तो फक्त भोंदूबाबांसाठी आहे. तसं नाही. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, हाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. म्हणजे नाव सांगणारा भगत आणि ते नाव गावभर करणारे, दोघंही त्यात येतात.

आता आमच्या धंद्याकडे. 'जादूटोणा करणाऱ्या महिलेला मारहाण' असा मथळा तुम्ही वाचला असेल. नीट वाचा. त्या चार शब्दांत आरोप सिद्धच करून टाकलाय. मार खाल्लेली बाई गुन्हेगार ठरली, मारणारे वाक्यातून गायब झाले. 'खोटा आळ घेऊन महिलेला मारहाण' एवढं लिहायला काय लागतं?

हे फक्त पत्रकारांनाच नाही. गावाच्या ग्रुपवर 'अमकीची नजर वाईट' म्हणून मेसेज फिरतो, तेव्हा तो पुढे ढकलणाराही भगताचंच काम करत असतो. यातुधानाला निदान शपथ घ्यायची संधी होती. ग्रुपवर नसलेल्या म्हातारीला तीही नाही.

पोरांना गेम खेळू द्या, चेटकिणीचं नाटकही खुशाल दाखवा. फक्त तो शब्द जित्याजागत्या बाईला लावणारा कुणी दिसला, तर तिथल्या तिथे टोका. ऐकलं नाही तर पोलीस ठाणं आहे, कायदाही आहे.