घंटेचा नाद आणि क्लोरिनचे पाणी

व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक इस्पितळातील प्रसूतिगृहाचे १८४० च्या दशकात दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. दाखल करण्याचे वार दोन्हींना वाटून दिलेले असत. त्यामुळे बाईच्या वेणा कोणत्या वारी सुरू होतात, यावर तिचा विभाग ठरे. येणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब, पुष्कळशा अविवाहित. विनामूल्य उपचाराच्या बदल्यात विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आपला देह तपासू देणे त्यांना भाग होते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ पैकी १०५. कारण एकच, बाळंतज्वर. हा भेद गावभर ठाऊक होता. 'पहिल्या विभागात नको' म्हणून बाया गुडघे टेकून विनवण्या करीत. वाटेतच, रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या स्त्रिया मात्र त्या मानाने क्वचितच तापाने पडत.

बुडा येथील कॅथलिक कुटुंबात १८१८ साली जन्मलेला इग्नाझ सेमेलवाइस पहिल्या विभागात साहाय्यक डॉक्टर होता. त्याने एकेक संशयित हाती घेऊन तपासला. गर्दी? ती तर दुसऱ्या विभागात अधिक. हवा, अन्न? दोन्हीकडे सारखेच. अखेरीस संशय गेला तो चक्क धर्मगुरूंवर. मरणासन्न स्त्रीला अंतकाळचे साक्रामेंत द्यायला ते येत, तेव्हा पुढे सेवक घंटा वाजवीत चाले. पहिल्या विभागात रुग्णकक्षापर्यंत पोचायला त्यांना पाच कक्षांतून जावे लागे. दुसऱ्यात थेट जाता येई. दिवसातून कितीदा तरी तो नाद कानी पडला म्हणजे खाटेवरच्या बायकांचा थरकाप होई, आणि स्वतः सेमेलवाइसलाही तो ऐकवेना. भीतीने ताप येत असेल काय? त्याने धर्मगुरूंना विनंती केली. ते आडवाटेने, घंटेविना येऊ लागले. मृत्यू काही कमी झाले नाहीत.

१८४७ च्या मार्च महिन्यात तो व्हेनिसहून परतला, तो त्याचा स्नेही प्राध्यापक याकोब कोलेचका याच्या मृत्यूची वार्ता कळली. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शवाचा तपासणी-अहवाल वाचताना सेमेलवाइसला त्यात बाळंतज्वराचीच चिन्हे दिसली. मग उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते चिरीत आणि तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात येत. साबणाने धुतले तरी वास जात नसे. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. घंटा निर्दोष ठरली. दोषी होते ते बरे करणारे हात.

मे महिन्याच्या मध्यास त्याने कक्षाच्या दाराशी क्लोरिनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे स्वस्त म्हणून आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो ती आली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया मेल्या होत्या. जूनमध्ये दोन, जुलैत एक. १८४८ च्या मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही नाही.

पण मधेच ऑक्टोबर १८४७ मध्ये एक धडा मिळाला. पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, स्राव वाहत असलेली स्त्री होती. तिला तपासून, हात नुसत्या साबणाने धुऊन, डॉक्टर पुढच्या खाटांकडे गेले. एकाच वेळी बाळंत झालेल्या बारांपैकी अकराजणी गेल्या. विष केवळ प्रेतातून येते असे नाही, तर जिवंत माणसापासूनही येते, हे तेव्हा कळले. तेव्हापासून दर रुग्णानंतर हात क्लोरिनने धुणे आले. आजच्या इस्पितळांत खाटेखाटेला अडकवलेली जंतुनाशकाची बाटली याच नियमाची वंशज होय. आजाऱ्याला भेटायला जाणारे, त्याचा हात प्रेमाने हाती घेणारे आपण सारे त्याच नियमाखाली येतो.

एवढे दिसत असताना पुष्कळ डॉक्टरांनी ऐकले का नाही? जंतूंचे शास्त्र तेव्हा पुढे यायचे होते, हे एक कारण सांगतात. आम्हांला दुसरे अधिक वजनदार वाटते. पिलाताने हात धुतले ते अंगावरचा दोष झटकण्यासाठी. व्हिएन्नात हात धुणे म्हणजे 'आजवर गेलेल्या माता आमच्या हातून गेल्या' अशी कबुली देणे होते. सेमेलवाइसने ती दिली. प्रेते आपण इतरांहून अधिक हाताळली होती, हे त्याने आपल्या ग्रंथात लपवले नाही. इतरांना ती देववेना. मात्र त्याचीही बाजू निर्मळ नव्हती. ग्रंथ त्याने १८६१ पर्यंत लांबवला, आणि विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. खुनी म्हटल्यावर कोण कबुलीला येणार?

व्हिएन्नातील नेमणूक १८४९ मध्ये संपली. पेस्ट शहरातील इस्पितळ, ज्याला महामारीतील आश्रयदाते संत रोक यांचे नाव आहे, तेथे १८५१ ते १८५७ या काळात ९३३ बाळंतिणींपैकी अवघ्या ८ जणी बाळंतज्वराने गेल्या. पुढे त्याचे मन ढासळले. १८६५ च्या उन्हाळ्यात त्याला व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, आणि १३ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी, चिघळलेल्या जखमेतील विषाने त्याचा अंत झाला. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टरने पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. मुलगा बरा होऊन चालत घरी गेला.