जमिनीखालचा माल

शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईहून युरोपच्या सहली सुटतात. त्यांत नेदरलँड्सची एक बाग हटकून असते, आणि मे महिना अर्धा सरला की त्याच सहलीतून ती गळते. अ‍ॅमस्टरडॅमच्या नैर्ऋत्येला, लिसे गावातलं हे क्यूकेनहॉफ वर्षातले जेमतेम आठ आठवडे उघडं असतं, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. आपल्याकडच्या एका पिढीला ते ‘सिलसिला’ या १९८१च्या चित्रपटामुळे ठाऊक झालं. सुमारे ३२ हेक्टर जागा, म्हणजे ८० एकरांच्या आसपास, आणि दर वर्षी नव्याने लावलेले जवळपास ७० लाख कंद. लोक याला बाग म्हणतात. पण तिचा जन्म पाहिला तर ते व्यापाऱ्यांचं प्रदर्शन आहे, आणि तेही असं की विकायचा माल गिऱ्हाइकाला दिसतच नाही. तो जमिनीखाली असतो. वर दिसतो तो फक्त मालाचा पुरावा.

माल म्हणजे ट्युलिपचा कंद. तपकिरी सालीचा, टोकाला निमुळता. लासलगावच्या बाजारात चिंगळी कांद्यांच्या ढिगात टाकला तर कुणाला संशय येणार नाही. युरोपातही आला नव्हता. सोळाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लुसियस यांनी नोंदवलेली हकिकत अशी, की १५६२ साली अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे पूर्वेकडून कापडाचे गठ्ठे आले, त्यांत हे कंद होते. त्याने ते कांदे समजून निखाऱ्यावर भाजले, तेल आणि व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले परसातल्या कोबीशेजारी पुरून टाकले. त्यांतले थोडेच जगले, तेही एका जाणकाराच्या हाती पडले म्हणून.

ट्युलिप मुळात मध्य आशियातल्या डोंगरांतला. कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा यांत तगून राहण्यासाठी त्याने सगळी शिदोरी कंदात भरून ठेवायची सवय लावून घेतली. तुर्कांनी त्याला बागेत आणलं, तिथून तो पश्चिमेला गेला. क्लुसियस १५९३ साली लायडन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात रुजू झाले आणि १५९४च्या वसंतात त्यांच्या वाफ्यात ट्युलिप फुलले. क्लुसियस कंद सहजासहजी कुणाला देत नसत, म्हणून त्यांच्या वाफ्यांतून कंद चोरीला गेले. डच ट्युलिपच्या प्रसाराला या चोरांचाही हातभार लागला असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १६३७च्या फेब्रुवारीत ट्युलिपच्या कंदांचा गगनाला भिडलेला भाव कोसळला ती कथा शेअर बाजारावरच्या प्रत्येक भाषणात येते, त्यामुळे इथे थोडक्यात. अख्खा देश देशोधडीला लागला वगैरे खरं नाही. व्यवहार ठरावीक वर्तुळात होते आणि डच अर्थव्यवस्थेला फारसा धक्का बसला नाही, असं अलीकडच्या संशोधनातून दिसतं. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. सर्वांत महाग विकले जाणारे रेघांचे, ज्वाळांसारखे ट्युलिप प्रत्यक्षात आजारी होते. मावा ही कीड पसरवत असलेल्या विषाणूमुळे पाकळ्यांचा रंग फुटत असे. हे विसाव्या शतकात कळलं. आज शेतात असं झाड दिसलं तर ते उपटून टाकतात.

लिसेचा पट्टा किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांना लागून. या टेकड्या सपाट करून वाळू शहरांच्या बांधकामांना विकली गेली आणि खाली उरली ती हलकी, निचरा होणारी जमीन, शिवाय कालव्यांमुळे हव्या त्या पातळीवर राखता येणारं भूजल. कंदाला दुसरं काय हवं? कुजायला नको आणि तहानेनं मरायलाही नको.

क्यूकेनहॉफची जागा मात्र मुळात फुलांची नव्हती. पंधराव्या शतकात ही जमीन जवळच्या टेलिंगन गढीच्या मुदपाकखान्याची होती. तिथे राहणाऱ्या याकोबा या सरदारणीच्या घरी इथून भाजीपाला, फळं आणि शिकार जाई. १६४१ साली तिथे वाडा बांधला तो डच ईस्ट इंडिया कंपनीतून गब्बर होऊन परतलेल्या एका अधिकाऱ्याने. हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. १८५७ साली झोखर पिता-पुत्रांनी वाड्याभोवती इंग्रजी धाटणीचा बगीचा आखला. वळणाच्या वाटा, तळं, बीच वृक्षांची रांग. आजच्या प्रदर्शनाचा सांगाडा तोच आहे.

मग दुसरं महायुद्ध आणि जर्मनांचा ताबा आला. १९४४च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची वाहतूक रोखली, आणि हिवाळ्यात कालवे गोठल्यावर होती नव्हती ती वाटही बंद झाली. वीस हजारांहून अधिक माणसं भुकेने मेली. निर्यात थांबल्यामुळे गोदामांत कंद पडून होते. ते खायचे कसे याच्या पाककृती छापल्या गेल्या: साल काढा, कंद उभा चिरा, मधला पिवळा कोंब काढून टाका कारण तो बाधतो, मग उकडा किंवा पीठ करा. डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद विषारी, त्यामुळे ओळखण्यात चूक झाली तर जिवाशी गाठ.

त्यानंतर पाच वर्षांच्या आत, १९४९ साली, कंद पिकवणारे आणि निर्यात करणारे वीस बडे व्यापारी एकत्र आले आणि क्यूकेनहॉफच्या बगिच्यात मोकळ्या जमिनीवर कायमचं वसंत प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्याआधी ‘फ्लोरा’ नावाची प्रदर्शनं हारलेम आणि हेमस्टेडला अधूनमधून भरत; १९१०, १९२५, १९३५. दहा-पंधरा वर्षांनी भरणाऱ्या जत्रेने रोजचा धंदा चालत नाही. ट्युलिप बियांपासून लावला तर पहिलं फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि नवी जात बाजारात उतरवण्याइतके कंद तयार होईपर्यंत वीस वर्षंही जातात. एवढा काळ पैसा आणि मेहनत घालून जे वाण हाती येतं, ते परदेशी घाऊक गिऱ्हाइकाला फुललेलं दाखवणार कुठे? कॅटलॉगमधल्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवून कंटेनर भरणारा व्यापारी विरळाच. १९५० साली दारं उघडली आणि पहिल्याच मोसमात दोन लाख ३६ हजार लोक आले. घाऊक गिऱ्हाइकांसाठी मांडलेलं प्रदर्शन किरकोळ माणसांनी ताब्यात घेतलं ते तेव्हापासून. करोनाच्या आधीच्या वर्षी हा आकडा १५ लाखांपर्यंत गेला होता.

मूळची व्यवस्था मात्र बदललेली नाही. कंद आजही सुमारे शंभर व्यावसायिक फुकट देतात, जागा आणि मांडणी क्यूकेनहॉफची. प्रत्येक ताटव्याशी पाटी असते, तिच्यावर वाणाचं नाव आणि ते देणाऱ्या शेतकऱ्याचं किंवा कंपनीचं नाव. पर्यटक फुलांपुढे उभे राहून फोटो काढतात. पाटी वाचून वहीत नाव टिपणारा माणूस दिसला तर समजावं, हाच खरा पाहुणा.

लागवड ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, हाताने. एकाच खड्ड्यात थर लावतात: सर्वांत खाली उशिरा फुलणारे ट्युलिप, त्यांच्यावर लवकर फुलणारे ट्युलिप किंवा डॅफोडिल, वरच्या थरात क्रोकस. क्रोकस ओसरतात तोवर खालचे कोंब त्यांच्यातून वर येतात, म्हणून मार्चमध्ये आलेला आणि मेमध्ये आलेला दोघेही समाधानाने जातात. तरीही नेमका बहर कधी, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थंडी लांबली की सहल कंपन्यांचे चेहरे पडतात.

लागवडीच्या वेळचा ट्युलिपचा कंद उभा चिरून पाहावा. मांसल पापुद्र्यांच्या मधोमध, तळाशी, बोटाच्या पेराहून लहान असं पिवळसर हिरवं टोक असतं. भिंगाखाली धरलं तर त्यात सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर, सगळं तयार. हे फूल उन्हाळ्यातच, गोदामात, कोरड्या कंदाच्या पोटात बनलेलं असतं. हिवाळ्याचं काम फक्त त्याचा देठ वाढण्याची मुभा देण्याचं, आणि त्यासाठी बारा-पंधरा आठवडे गारवा लागतो. तापमानाचं हे गणित शास्त्रज्ञांच्याही आधी शेतकऱ्याच्या हाती लागलं. लिसेच्याच निकोलास डामेस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायसिंथचे कंद लवकर खणून, उबेत ठेवून, त्यांना नाताळात फुलायला लावलं. मग वॅगेनिंगनच्या कृषी संस्थेत प्राध्यापक ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या तापमानाला कंदाच्या आत काय घडतं, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. क्यूकेनहॉफच्या दालनांत बाहेर पाऊस-गारा असतानाही कापलेल्या फुलांची प्रदर्शनं एकामागून एक भरतात ती या विद्येच्या जोरावर.

बागेच्या कुंपणापलीकडची शेतं पाहिल्यावर प्रदर्शन आणि धंदा यांतला फरक कळतो. तिथे फूल नीट उमललं, वाण शुद्ध आहे आणि विषाणू नाही एवढी खात्री झाली की यंत्राने सगळ्यांची मुंडकी उडवतात. देठ-पानं ठेवतात, म्हणजे ताकद बियांत न जाता कंदात उतरते. कापलेल्या फुलांचे ढीग शेताच्या कडेला कुजत पडतात. या फुकट फुलांचं करायचं काय, या प्रश्नातून इथल्या फुलांच्या मिरवणुकीची परंपरा निघाली. १९४७ साली जवळच्या हिलेगोम गावच्या एका शेतकऱ्याने हायसिंथच्या फुलांनी देवमासा सजवून रस्त्यावर काढला, आणि आता दर एप्रिलला सजवलेल्या गाड्या या पट्ट्यातून हारलेमपर्यंत जातात.

२०२० साली साथीमुळे दार उघडलंच नाही. कंद आदल्या शरदात पुरलेले होते, ते ठरल्याप्रमाणे फुलले. माळ्यांनी ताटवे राखले आणि बाग कॅमेऱ्यातून दाखवली. एरवीही मोसम संपला की सगळे कंद उपसतात, ते पुन्हा लावत नाहीत. पुढच्या वर्षी आराखडा नवा, कंद नवे.

आपल्याकडे दिल्लीत नगरपालिका रस्त्यांकडेला डच कंद लावते, ते आधी थंडगार करून आलेले असतात. श्रीनगरला हिवाळा स्वतःचा आहे, म्हणून तिथली ट्युलिप बाग तग धरते. महाराष्ट्रात हिवाळा पुरत नाही. तरी हौस असेलच तर वनस्पती-आरोग्याच्या कागदपत्रांसह आलेले कंद घ्यावेत, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवावेत आणि डिसेंबर-जानेवारीत कुंडीत लावावेत. त्या कप्प्यात सफरचंदं मात्र ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतलं तयार फूल सुकून जातं, आणि कुंडीत नुसती पानं येतात.