डेल्फ्टची निळी मृत्कला : अनुकरण, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन
(‘द पोर्सेलेना फ्लेस’ कारखाना व संग्रहालय यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नेदरलँड्समधील डेल्फ्ट हे लहानसे शहर दोन कारणांसाठी जगभर परिचित आहे. योहानेस व्हरमीर या थोर चित्रकाराची ती कर्मभूमी होय, हे एक कारण; आणि पांढऱ्या पृष्ठभागावर निळ्या रंगाने हाताने चितारलेली मातीची भांडी, हे दुसरे. या भांड्यांच्या निर्मितीसाठी सतराव्या शतकात डेल्फ्टमध्ये जे कारखाने निघाले, त्यांपैकी आज एकच चालू आहे. १६५३ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना ‘द पोर्सेलेना फ्लेस’, म्हणजे ‘चिनी मातीची कुपी’, या नावाने ओळखला जात असे. आज तो ‘रॉयल डेल्फ्ट’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या आवारात संग्रहालय आणि कार्यशाळा एकत्रच आहेत. जुनी भांडी पाहून झाल्यावर प्रेक्षकाला चित्रकाराचे मेज आणि पुढे प्रत्यक्ष उत्पादनविभागही पाहता येतो.

अशा मांडणीमुळे साडेतीनशेहून अधिक वर्षे एकच परंपरा अखंड चालत आली आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र इतका सरळ नाही. या काळात माती बदलली, झिलई बदलली, ग्राहक बदलला. मध्यंतरी निळे चित्रकामही जवळजवळ लोपले. मग टिकले ते नेमके काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आशियाई पोर्सिलेन आणि डच अनुकरण

डेल्फ्टच्या मृत्कलेचा उगम दोन प्रवाहांत आढळतो. पहिला प्रवाह तंत्राचा. कथिलाच्या ऑक्साइडमुळे पांढरी व अपारदर्शक होणारी झिलई पश्चिम आशियातून इस्लामी स्पेनमध्ये आणि तेथून इटलीत गेली. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कुंभकारांनी ती अँटवर्पला नेली. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यावर तेथील अनेक कारागिरांनी उत्तरेकडील प्रांतांत स्थलांतर केले. त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेस आली.

दुसरा प्रवाह अभिरुचीचा. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६०३ मध्ये डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरील मालाचा पुढील वर्षी ॲमस्टरडॅम येथे लिलाव झाला. त्या मालात चिनी पोर्सिलेनचा मोठा साठा होता. निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनची डच श्रीमंतांना गोडी लागली ती या सुमारास. याच कंपनीने गोव्याच्या पोर्तुगीजांना शह देण्यासाठी कोकणात वेंगुर्ले येथे वखार घातली होती. डेल्फ्ट येथेही कंपनीचे एक कार्यालय होते. आशियातून येणारा माल त्यामुळे डेल्फ्टच्या कारागिरांना जवळून पाहता येई.

१६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट कोसळली आणि त्यानंतरच्या यादवीत पोर्सिलेनची निर्यात विस्कळीत झाली. मागणी कायम आणि पुरवठा तुटलेला, अशी स्थिती निर्माण झाली. कंपनी जपानमधील आरिता येथील मालाकडे वळली, तर डेल्फ्टच्या कुंभकारांनी अनुकरणाचा मार्ग धरला. पोर्सिलेनसाठी लागणारी केओलिन माती व तिचे तंत्र त्यांच्याजवळ नव्हते. म्हणून स्थानिक मातीत टूर्ने परिसरातील चुनायुक्त माती मिसळून त्यांनी पातळ भांडी घडविली आणि त्यांवर कथिलाची पांढरी झिलई चढविली. भांडे फुटले की आतली पिवळसर माती दिसे. अखंड असेपर्यंत मात्र ते पोर्सिलेनसारखे भासे.

हे अनुकरण एकतर्फी नव्हते. डच घरांना सोयीचे आकार मिळावेत म्हणून कंपनीने १६३५ च्या सुमारास चीनमध्ये लाकडी नमुने पाठविले होते. पुढे डेल्फ्टचा चित्रकार फ्रेडरिक व्हान फ्रायटोम याच्या धर्तीवरील डच निसर्गदृश्ये आरिताच्या जपानी थाळ्यांवर उतरली. तेव्हा ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ ही विभागणी या कलेच्या बाबतीत आरंभापासूनच अपुरी ठरते.

भरभराट आणि श्रमविभागणी

सतराव्या शतकात डेल्फ्टमधील मद्यनिर्मितीचा जुना धंदा खालावला होता. रिकाम्या पडलेल्या मद्यशाळांच्या प्रशस्त इमारती कुंभकारांच्या उपयोगी आल्या. शतकाच्या अखेरीस शहरात तीसहून अधिक कारखाने होते. ‘ग्रीक अ’, ‘गुलाब’, ‘धातूचे भांडे’ ही त्यांची नावे मोठी बोलकी आहेत. ‘ग्रीक अ’चा मालक आद्रियानुस कॉक्स याने इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिच्यासाठी बनविलेली भव्य पुष्पपात्रे हा या कालखंडाचा कळस मानला जातो. सामान्य घरांसाठी भिंतीच्या फरशाही मोठ्या प्रमाणावर तयार होत. व्हरमीरच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या चित्रात भिंतीच्या पायथ्याशी अशा फरशांची ओळ स्पष्ट दिसते.

हे कुंभकार चित्रकारांबरोबरच सेंट ल्यूकच्या श्रेणीचे सदस्य होते. व्हरमीरही याच श्रेणीचा. परंतु कारखान्यात काम विभागलेले होते. माती मळणारा, चाकावर घडविणारा, झिलई देणारा, रंगविणारा आणि भट्टी लावणारा हे सर्व वेगवेगळे. बहुसंख्य भांड्यांखाली खूण असे ती मालकाची किंवा कारखान्याची. चित्र काढणाऱ्याचे नाव क्वचितच कळते. ज्या कलेचा गौरव ‘हाताने रंगविलेली’ म्हणून केला जातो, तिच्या इतिहासात ते हात बहुतांशी निनावी राहिले, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

ऱ्हास

१७१० मध्ये माइसेन येथे युरोपीय पोर्सिलेनचे उत्पादन सुरू झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील जोसाया वेजवुड याची पिवळसर पांढरी भांडी बाजारात आली. ती हलकी, टिकाऊ आणि स्वस्त होती. डेल्फ्टच्या भांड्यांची कथिलाची झिलई काठावर सहज टवके जाऊन निघत असे, त्यामुळे रोजच्या वापरात ती मागे पडली. एकेक कारखाना बंद होत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केवळ ‘द पोर्सेलेना फ्लेस’ उरला आणि तोही साध्या मालावर तग धरून होता.

१८७६ चे पुनरुज्जीवन

१८७६ मध्ये योस्ट तोफ्ट या डेल्फ्टच्या अभियंत्याने हा कारखाना विकत घेतला. निळ्या चित्रकामाचे पुनरुज्जीवन हा त्याचा हेतू होता. आडोल्फ ल कोंत या कलाशिक्षकाकडे कलाविषयक मार्गदर्शन सोपविण्यात आले. पुढे आबेल लाबूशेर हा भागीदार म्हणून आला. १९१९ मध्ये कारखान्याला ‘राजकीय’ ही सन्मानदर्शक उपाधी मिळाली.

तोफ्टने केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल बाहेरून दिसत नाही. जुनी ठिसूळ माती आणि कथिलाची झिलई त्याने सोडून दिली. इंग्रजी धर्तीवर मुळातच पांढरी व कठीण होणारी माती त्याने वापरात आणली आणि तिच्यावरील चित्राला पारदर्शक झिलईचे आवरण दिले. सतराव्या शतकात चित्र झिलईच्या वर काढले जाई. आता ते झिलईच्या खाली गेले. म्हणजे ज्या इंग्रजी भांड्यांनी डेल्फ्टचा बाजार बुडविला, त्यांचेच तंत्र पत्करून डेल्फ्टचे चित्रकाम वाचविण्यात आले. तंत्राच्या शुद्धतेचा आग्रह धरला असता तर कदाचित चित्रकामही उरले नसते.

भांड्यांवरील खुणेतही अर्थपूर्ण बदल झाला. कुपीची आकृती, तोफ्टची आद्याक्षरे व ‘डेल्फ्ट’ हा शब्द यांबरोबर १८७९ पासून वर्ष दर्शविणारे अक्षर येऊ लागले. हाताने रंगविलेल्या भांड्यांखाली चित्रकाराची आद्याक्षरेही असतात. पूर्वीच्या निनावी हाताला अशा रीतीने अल्पशी का होईना, ओळख मिळाली.

कार्यशाळेतील प्रक्रिया

आजच्या कार्यशाळेत पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यांत ओततात. साचा पाणी शोषून घेतो व त्याच्या आतील बाजूस मातीचा थर धरतो. उरलेली माती ओतून टाकली की पोकळ भांडे तयार होते. वाळवून व कडा साफ करून त्याची पहिली भाजणी होते. नंतर चित्राच्या रेषांवर बारीक छिद्रे पाडलेला कागद भांड्यावर धरून त्यावरून कोळशाची पूड फिरवितात. त्यामुळे आकृतीचा ठिपक्यांचा पुसट आराखडा उमटतो. महाराष्ट्रात दारापुढे रांगोळी घालताना छिद्रांच्या कागदाचा असाच उपयोग केला जातो.

कोळशाच्या ठिपक्यांतून केवळ जागा कळते. रेषेची जाडी, छटेची खोली आणि कुंचल्याचा वेग हे चित्रकारानेच ठरवायचे असते. कोबाल्टयुक्त रंग लावताना काळा दिसतो. त्यात पाणी कमी-अधिक मिसळून फिकट व गडद छटा साधतात. निळा रंग प्रकटतो तो झिलईत बुडविलेले भांडे दुसऱ्या भाजणीतून बाहेर आल्यावरच. म्हणून चित्रकाराला समोर दिसणाऱ्या काळ्या रंगातून उद्याचा निळा रंग ओळखावा लागतो. ही जाण पुस्तकातून मिळत नाही. अनुभवी चित्रकाराशेजारी बसून कित्येक वर्षे काम केल्यानंतर ती हातात उतरते. भाजण्याने पुसला जाणारा कोळसा आणि न पुसली जाणारी चूक, या दोहोंच्या मध्ये हे कौशल्य उभे असते.

संग्रहालय आणि अर्थकारण

संग्रहालयात जुन्या फुलदाण्या व थाळ्यांबरोबर विसाव्या शतकातील प्रयोग आणि इमारतींसाठी बनविलेली मृत्कामेही मांडली आहेत. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची फरशांवर रंगविलेली भव्य प्रतिकृती प्रेक्षकांचे विशेष लक्ष वेधून घेते. उत्सुक प्रेक्षकाला स्वतः फरशी रंगवून पाहण्याची सोयही आहे.

या मांडणीमागे आर्थिक गरज आहे, हे नाकारता येत नाही. हाताने रंगविलेल्या एका भांड्यावर अनेक तास खर्च होतात आणि त्याची किंमत सामान्य पर्यटकाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून याच कारखान्याच्या मालात मूळ चित्रांवरून छापलेली तुलनेने स्वस्त भांडीही असतात. बाजारात इतरत्र बनलेल्या छापील ‘डेल्फ्ट निळ्या’ वस्तूंचीही रेलचेल आहे. अशा वेळी ग्राहकाला हस्तचित्र आणि छपाई यांतील फरक कळणे, हा हस्तकलेच्या अस्तित्वाचाच प्रश्न ठरतो. प्रेक्षकांसमोर काम करणारा चित्रकार हा केवळ शोभेचा भाग राहत नाही. किमतीतील तफावत कशामुळे पडते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा असतो. मात्र यात एक धोकाही संभवतो. कलाकृती विकली जाण्यापेक्षा कारागीर पाहिला जाण्यालाच महत्त्व आले, तर कार्यशाळा संग्रहालयातील एक दालन होऊन बसेल.

समारोप

डेल्फ्टच्या इतिहासातून परंपरेविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ही परंपरा अनुकरणातून जन्मली आणि तरीही कालांतराने स्वतंत्र झाली. दुसरा असा की, तिचे आजचे रूप हे सतराव्या शतकाचा अखंड वारसा नसून १८७६ मध्ये जाणीवपूर्वक केलेली पुनर्रचना आहे. यामुळे तिचे मोल कमी होत नाही. उलट ती टिकविण्यासाठी कोणी, कोणता निर्णय घेतला हे स्पष्ट होते. तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. माती, झिलई आणि बाजारपेठ बदलूनही जे टिकले ते कुंचला चालविण्याचे शिक्षण होय. संग्रहालय वस्तू जपू शकते. हे शिक्षण जपायचे तर अनुभवी चित्रकाराशेजारी नवा शिकणारा बसला पाहिजे, आणि त्याच्या कामाला योग्य दाम देणारा ग्राहकही असला पाहिजे. हस्तकलांच्या जतनाचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने प्रदर्शनाच्या कपाटाइतकेच लक्ष या शेजारच्या जागेकडे देणे आवश्यक आहे.