अंगणापासून पट्ट्यापर्यंत : मुंबईच्या उपनगरांतील घरगुती चालण्याचा इतिहास

ट्रेडमिल, म्हणजे पायाखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर जागच्या जागी चालण्याचे किंवा धावण्याचे यंत्र, आज मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत नवलाईचे राहिलेले नाही. ते कोणत्या वाटेने घरात शिरले आणि आधीच अपुऱ्या असलेल्या घरात त्याला जागा का करून द्यावी लागली, हे समजून घ्यायचे असेल, तर यंत्राच्या इतिहासाबरोबर जमिनीचा इतिहासही पाहावा लागतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या परिसरांत विसाव्या शतकात दोन प्रक्रिया समांतर चालल्या : एकीकडे चालण्यासाठी मोकळी असलेली जमीन आक्रसत गेली आणि दुसरीकडे वैद्यकशास्त्राने चालण्याला औषधासारखे माप लावून दिले. या दोन प्रक्रिया जेथे एकमेकींना भेटल्या, तेथे ट्रेडमिल उभी राहिली. म्हणूनच तिची निवड आणि तिचा वापर यांचाही विचार याच संदर्भात करणे उचित ठरते.

मर्यादित जागेत येरझाऱ्या घालून शरीर व मन ताजे ठेवण्याची कल्पना या भूमीला परकी नाही. बोरिवलीच्या आजच्या राष्ट्रीय उद्यानात असलेल्या कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंचा वावर होता, आणि बौद्ध परंपरेत ‘चंक्रमण’ हा भिक्षूंच्या दिनचर्येचा मान्य भाग होता. चंक्रमण म्हणजे ठरावीक लांबीच्या वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावधपणे केलेली ये-जा. ‘अंगुत्तर निकाय’ या पाली ग्रंथात तिचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद, साधनेची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि टिकून राहणारी एकाग्रता असे ते होत. मराठी घरांतील शतपावली, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर शंभर पावले चालण्याचा प्रघात, हे याच विचाराचे गृहस्थी रूप म्हणता येईल. वाडीत राहणारा मनुष्य शतपावली अंगणात घाली, चाळीत राहणारा गॅलरीत घाली, आणि दोघांपैकी कोणालाही त्यासाठी स्वतंत्र जागा किंवा खर्च लागत नसे.

या अंगणांचे रूपांतर कसे झाले, हे दळणवळणाच्या आणि विजेच्या तारखांवरून उलगडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, तेव्हा साष्टी बेटाचा पूर्वेकडील भाग मुंबई शहराला जोडला गेला; पश्चिमेकडे १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंतचा मार्ग विजेवर चालू लागला आणि दूरच्या गावठाणांत राहून फोर्टातल्या कचेरीत रोज जाणे सुलभ झाले. १९२९ मध्ये उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास मुलुंडमध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार सरळ रेषांतील रस्त्यांची वसाहत आकाराला येत होती, आणि तिथला पाच रस्ता हा चौक आजही त्या आखीव नगररचनेची साक्ष देतो. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. पुढील चार दशकांत वाड्यांच्या जागी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि पूर्वी प्रत्येक घराचे असलेले अंगण सर्वांचे मिळून एक ‘कंपाउंड’ झाले.

घरात व्यायाम करण्याचा आग्रहही महाराष्ट्रात ट्रेडमिलच्या कितीतरी आधीपासून होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यामागे साधनाविना, थोड्या जागेत, स्त्री-पुरुष आणि मुलांना सारखाच करता येईल असा व्यायाम रूढ करण्याचा हेतू होता. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने तालीम, जोर, बैठका, मल्लखांब आणि लाठी या देशी प्रकारांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. हा वारसा उपनगरांतील व्यायामशाळांत आणि शाळांच्या जिमखान्यांत दिसत असे. येथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे : जागेची टंचाई हेच एकमेव कारण असते, तर एका सतरंजीवर भागणाऱ्या सूर्यनमस्कारांनी उपनगरांची गरज पुरी केली असती. तसे झाले नाही, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांनी मध्यमवयीन रुग्णांच्या कागदावर जोर-बैठका लिहिल्या नाहीत, चालणे लिहिले.

ट्रेडमिलची स्वतःची कुळकथा मात्र आरोग्यापासून फार दूर सुरू होते. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१७ च्या सुमारास कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायऱ्यांचे एक मोठे फिरते चाक सुचवले, आणि १८२१ मध्ये लंडनमधील ब्रिक्सटनच्या तुरुंगात ते बसवण्यात आले. कैदी चाकावरच्या पायऱ्या अखंड चढत राहत आणि त्या गतीवर धान्य दळले जाई. नावातील ‘मिल’ ती हीच. काही तुरुंगांत तर हे चाक काहीही न दळता केवळ शिक्षा म्हणून फिरत असे. घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या पायाखालून निदान तेल तरी निघते, येथे तेही नव्हते. १८९८ च्या ब्रिटिश तुरुंग कायद्याने या शिक्षेचा शेवट झाला.

अर्ध्या शतकानंतर हेच तत्त्व रुग्णालयात परतले. १९५२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस आणि अभियंता वेन क्विंटन यांनी विजेवर चालणारी वैद्यकीय ट्रेडमिल तयार केली. स्वस्थ पडलेल्या रुग्णाच्या हृदयालेखात जो दोष उमटत नाही, तो श्रम करताना उमटू शकतो, या निरीक्षणावर ही चाचणी आधारलेली आहे. ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर वेगाचा व दहा टक्के चढाचा, दुसरा ताशी ४ किलोमीटरचा व बारा टक्के चढाचा असतो. दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरामागे दहा मीटर उंची. मुंबईत ही चाचणी ‘टीएमटी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाते आणि चाळिशी-पन्नाशीतील अनेकांचा ट्रेडमिलशी पहिला परिचय, छातीला तारा चिकटवलेल्या अवस्थेत, तिथेच होतो. घरगुती यंत्राचा उगमही वैद्यकातच आहे : केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये निघाले, आणि ते वाचून विल्यम स्टॉब या अभियंत्याने सामान्य घराला परवडेल अशी ‘पेसमास्टर ६००’ ही ट्रेडमिल बनवली.

भारतीय घरांपर्यंत हे यंत्र पोचायला आणखी काळ जावा लागला. १९९१ च्या आर्थिक धोरणाने आयातीची दारे किलकिली झाली आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीची संख्यात्मक बंधने उठल्यावर परदेशी उपभोग्य वस्तू बाजारात सहज दिसू लागल्या. याच काळात उपनगरांची उंचीही बदलत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे एका भूखंडावर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या भूखंडावर वापरण्याची मुभा, ही तरतूद आणली, आणि हे हक्क वापरण्याचे मुख्य क्षेत्र उपनगरे ठरली. भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येईल, हे सांगणाऱ्या प्रमाणाला मराठी प्रशासकीय भाषेत ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. नमस्कारांसाठी अंथरायची चटई अशा रीतीने जमिनीच्या हिशेबाचे एकक झाली. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले, कंपाउंडात मोटारी आल्या, आणि गृहनिर्माण संस्थेच्या व्यायामकक्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रातून सूट मिळू लागल्याने नव्या इमारतींच्या जाहिरातींत व्यायामकक्ष हमखास झळकू लागला.

मोकळ्यावर चालण्याच्या जागा शिल्लक होत्या, परंतु त्या वेचक होत्या : बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, वर्सोवा आणि जुहूचे किनारे, अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडचे प्रियदर्शिनी क्रीडा संकुल. त्यांच्यापर्यंत पोचायला रिक्षा किंवा गाडी लागे आणि पावसाळ्याचे चार महिने तिथला नेम सांभाळणे कठीण जाई. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत उद्याने, कंपाउंड आणि व्यायामशाळा एकदमच बंद राहिल्या. महाराष्ट्रातील व्यायामशाळा त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर रोजी, पुन्हा उघडल्या. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या काळात तर चालण्यासाठी घराच्या भिंतींच्या आतील जागाच काय ती उरली होती.

या इतिहासातून यंत्राच्या निवडीचा एक निकष आपोआप निघतो. ट्रेडमिलच्या जाहिराती धावणाऱ्या तरुणाला समोर ठेवून केलेल्या असतात, तर उपनगरी घरातील गरज बहुधा शतपावलीची आणि टीएमटीनंतरच्या सल्ल्याची, म्हणजे चालण्याची असते. मोटरची ताकद अश्वशक्तीत सांगतात आणि ती दोन प्रकारे मोजली जाते : ‘पीक’ म्हणजे क्षणभर गाठता येणारी कमाल ताकद, आणि ‘कंटिन्युअस’ म्हणजे सतत टिकणारी ताकद. पेटीवर पहिलाच आकडा ठळक छापलेला असू शकतो, परंतु उपयोगाचा आकडा दुसरा असतो. चालण्यासाठी सतत दीड ते दोन अश्वशक्ती पुरते, नियमित धावण्यासाठी अडीच ते तीन लागते. पट्ट्याची लांबी चालणाऱ्याला सुमारे १२० सेंटिमीटर पुरते, मात्र धावताना पाऊल लांब पडत असल्याने ती १४० च्या आसपास हवी. यंत्राची भारक्षमता घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीच्या वजनाहून ऐसपैस असावी.

यंत्राइतकेच घरही मोजावे लागते. पट्टा जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच असतो, चढ दिल्यावर पुढचा भाग आणखी वर जातो आणि धावताना डोके वर-खाली होते. म्हणून छताच्या पंख्याखाली ट्रेडमिल ठेवणे धोक्याचे. तोल गेल्यास पट्टा माणसाला मागे फेकतो, त्यामुळे मागे सुमारे दोन मीटर जागा मोकळी हवी आणि यंत्राची पाठ भिंतीला लागलेली नसावी. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो आणि त्याचा हादरा स्लॅबमधून खालच्या मजल्यावर ऐकू जातो. जाड रबरी चटई, खोलीच्या मध्याऐवजी तुळईलगतची जागा आणि शेजाऱ्यांच्या झोपेबाहेरची वेळ या तीन उपायांनी तक्रार बरीच कमी होते. जोडणीसाठी अर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. पट्ट्याखालची फळी सहसा दाबलेल्या लाकडी भुशाची असते, ती दमट हवेत फुगू शकते, आणि वर्सोव्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या भागात सांगाड्याला गंज लवकर धरतो. त्यामुळे धूळ पुसणे, पट्टा व फळी यांत ठरावीक मुदतीने सिलिकॉन तेल सोडणे आणि एका बाजूला सरकलेला पट्टा मधोमध आणणे, एवढी देखभाल अटळ आहे.

वापराचे मापही मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास, ताशी पाच किलोमीटर वेगाने चालले, तर रोज अडीच किलोमीटर होतात. शंभर पावलांचे सुमारे सत्तर मीटर धरल्यास या अर्ध्या तासात पस्तीस शतपावल्या भरतात. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे वेग कमी ठेवावा, कारण एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून घेरी येऊ शकते. दांड्या घट्ट धरल्यास शरीराचा भार हातांवर जातो आणि श्रम कमी होतात. सुरक्षेची चावी कपड्याला अडकवलेली असावी, आणि घरात लहान मुले असल्यास वापर संपल्यावर ती काढून ठेवावी. हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी वेग आणि चढ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

शतपावली आणि ट्रेडमिल यांत मात्र एक भेद उरतो, आणि यंत्र घरात टिकते की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते. शतपावली जेवणाला बांधलेली होती; जेवण रोज होई, म्हणून चालणेही रोज होई, त्यासाठी वेगळा निश्चय लागत नसे. चंक्रमण भिक्षूच्या दिनक्रमाला बांधलेले होते. ट्रेडमिलला अशी वेळ जन्मतः मिळालेली नाही; ती चोवीस तास उपलब्ध असते, आणि म्हणूनच कोणत्याही एका तासाची होत नाही. ज्या घरात तिला सकाळच्या चहाआधीची किंवा संध्याकाळच्या बातम्यांची वेळ नेमून दिली जाते, तेथे ती अंगणाची जागा घेते. ज्या घरात तशी वेळ नेमली जात नाही, तेथे आषाढाच्या पहिल्याच झडीत तिच्या दांड्यांवर ओले टॉवेल वाळत पडतात.