शिस्त

एनसीसीच्या कॅम्पात पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात आली तेव्हा मी पोटावर आडवा पडलो होतो. पुढे वाळूची पिशवी, बट खांद्याच्या खळग्यात. मागून उस्ताद ओरडले, ‘शिस्त ले!’ घरात मराठी, गल्लीत गुजराती असा मी बडोदेकर. शिस्त म्हणजे नखं कापणं, वेळेवर येणं, सरांना उलट न बोलणं. पडल्या पडल्या टाचा जुळवल्या आणि मान ताठ केली. उस्तादांनी बुटाच्या टोकाने माझी टाच परत जमिनीला टेकवली. ‘शिस्त आँख से लेते हैं बेटा, टाँग से नहीं.’ शेजारचे दोघे हसता हसता नेम चुकले.

फौजी हिंदीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. मला तेव्हा वाटलं, शब्द तिकडे जाऊन बिघडला. प्रकार उलटा आहे, तो बिघडला असेल तर आपल्याकडे.

शिस्तीचं गोत्र आपण शिष्ट, शिष्य, शासन या संस्कृत मंडळींत शोधतो. शब्द मात्र फारसी घरातला. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा. इराणी, तुर्की तिरंदाज धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढत. कातडी सोलली जाऊ नये म्हणून त्यावर हाडाची किंवा शिंगाची अंगठी चढवत. मोगल बादशहांची जेडची असे. तिलाही शस्तच म्हणत. अंगठीवरून नाव नेमाला गेलं, आणि ‘शस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणं झालं. पुढे धनुष्य गेलं, बंदूक आली, शब्द जागचा हलला नाही. (बंदूक तरी कुठली साधी? अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, एक टणक फळ. त्याच्यासारखी गोळी, म्हणून गोळीलाही बुंदुक. शेवटी गोळी उडवणारी नळी तेवढी उरली.) मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात शिस्तीला नेमाचा अर्थ अजून आहे. मग नेमाची सरळ रेघ, रेघेवरून रांग, रांगेवरून टापटीप, असं करत करत ती प्रगतिपुस्तकात येऊन बसली. आज कॉलेजात हत्यार नको असं सांगताना आपण शिस्तीचा हवाला देतो, तो असा एका हत्याराच्याच शब्दाचा.

आमच्या गावात या दोन अर्थांची गाठ वारंवार पडली. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याला आले आणि १९०६ पर्यंत राहिले. कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत. ब्रिटिश फौज बंगाल्यांना भरती करून घेत नव्हती. जतीन्द्रनाथ बॅनर्जी नावाचा बंगाली तरुण लष्करी शिक्षणासाठी इकडे आला, आणि अरविंदांच्या खटपटीने त्याला गायकवाडांच्या फौजेत जागा मिळाली. प्राध्यापकाच्या मनात क्रांती होती, पण बंदूक शिकायला त्यांनी माणूस पाठवला तो फौजेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दांडिया बाजारात त्याच सुमाराला दुसरी शाळा चालत होती, जुम्मादादांचा आखाडा. त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी तिथे लाठी, लेझीम, मल्लखांब शिकवले. ‘कैवल्यधाम’ स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी याच आखाड्यात घडले. कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत देण्याचं श्रेयही माणिकरावांना दिलं जातं. म्हणजे आमच्या उस्तादांच्या आरोळीचं एक मूळ माझ्या घरापासून पायी पोचता येईल अशा गल्लीत निघतं.

विद्यार्थ्याच्या खांद्यावर सरकारी रायफल आली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये फौजेला माणसं कमी पडू लागली तेव्हा युनिव्हर्सिटी कोअर निघाली. १९२० च्या कायद्याने तिची ट्रेनिंग कोअर झाली. स्वातंत्र्यानंतर कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये एनसीसी उभी राहिली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती सक्तीची केली आणि १९६८ मध्ये सक्ती उठवली.

१९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत अगदी रोखठोक आहे. एकविसाच्या आत परवाना नाही (१९८३ पूर्वी ही अट सोळाची होती). परवाना असला तरी त्याच्या अटींप्रमाणे खास परवानगीशिवाय शिक्षणसंस्थेच्या आवारात हत्यार नेता येत नाही. जत्रा आणि धार्मिक मिरवणुकाही त्याच अटीत आहेत. याच कायद्याच्या ४५ व्या कलमात एनसीसीच्या छात्राला सूट आहे, मात्र कर्तव्यावर असेल तेवढ्यापुरती.

याउलट अमेरिकेत टेक्सासमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं. त्याआधी बरोबर पन्नास वर्षं, त्याच तारखेला, ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने डझनभर माणसं टिपून मारली होती. त्या दिवशी काही नागरिकांनी आपापल्या रायफली आणून खालून गोळ्या झाडल्या आणि त्याला आडोशाला दडावं लागलं, हेही खरं. तो दाखला मी उडवून लावणार नाही. पण त्यांच्या रायफली सगळ्यांना दिसत होत्या. वर्गात शेजारच्या बाकावरच्या दप्तरात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसणं, ही गोष्ट निराळी.

आमची रायफल कोतात राही. कोत म्हणजे शस्त्रांची खोली. रायफल घेताना रजिस्टरवर नंबर आणि सही, देताना पुन्हा तेच. मधे फुलतरू. ही वजन लावलेली दोरी, इंग्रजी ‘पुल थ्रू’ फौजी तोंडात फिरून झालेली. तिच्या फासात चिंदी अडकवायची आणि नळीतून ओढायची. चिंदी पांढरी निघेपर्यंत उस्ताद रायफल परत घेत नसत.

माणशी पाच गोळ्या मिळत, आणि पाच खोके (रिकामी काडतुसं) मोजून परत द्यावे लागत. त्या दिवशी एक कमी भरला. रायफली कोतात गेल्या, चहा आला, चहा निवला, आणि आम्ही तीसजण ओणवे होऊन गवत चाळत राहिलो. कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा पितळेसाठी? उस्ताद काही बोलले नाहीत, तेही ओणवे झाले. अंधार पडता पडता खोका सापडला, माझ्या शेजाऱ्याच्या दुमडलेल्या बाहीत. माझ्याच रायफलीतून उडाला होता.