दूध पाजणारी माता

रोम शहरातील व्हिया सालारिया ह्या प्राचीन मार्गाखाली प्रिसिल्लाची भुयारी दफनभूमी आहे. तेथील छतावर काळाने अर्धेमुर्धे पुसून टाकलेले एक लहानसे चित्र दिसते. आई बसलेली आहे, तिच्या छातीशी बाळ आहे आणि शेजारी उभा असलेला संदेष्टा ताऱ्याकडे बोट दाखवीत आहे. सामान्यतः तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील मानले जाणारे हे चित्र पवित्र मरियेच्या आद्य चित्रांपैकी एक आहे. छळाच्या त्या काळात श्रद्धावंतांनी मरियेला रंगवले ते बाळाला अंगावर घेतलेल्या आईच्या रूपात.

ह्या रूपात श्रद्धेचे एक मर्म होते. ख्रिस्ताचा देह खरा नव्हता, तो केवळ आभास होता, असे शिकवणारे पंथ त्या काळी होते. आईच्या दुधासाठी आसुसलेले बाळ हेच त्यांना सर्वांत सोपे उत्तर होते. पुढे इजिप्तमधील मठांच्या भिंतींवर हे चित्र आले. चौदाव्या शतकात सिएना येथे अंब्रोज्यो लोरेन्झेत्ती ह्या चित्रकाराने ते रंगवले, तेव्हा त्यातले बाळ दूध पिता पिता मान वळवून थेट आपल्याकडे पाहू लागले.

१५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने पवित्र चित्रांविषयी आदेश काढला. चित्रांत कामुकता व अशोभनीयता नसावी, असे त्यात म्हटले होते. दूध पाजणाऱ्या मरियेचा त्यात उल्लेखही नव्हता. तथापि ह्या आदेशाचा अर्थ लावणाऱ्यांनी संकोचाचा मार्ग धरला आणि हे चित्र हळूहळू वेदीवरून मागे सरले. मरियेच्या अंगावर वस्त्रांचे थर चढत गेले.

घराघरांतही असाच पालट होत होता. युरोपातील श्रीमंत घराण्यांत बाळ दूधआईच्या हवाली करण्याची रीत होतीच. १८६७ साली हेन्री नेस्ले ह्यांनी स्वित्झर्लंडमध्ये दुधाच्या पिठाचे बालान्न बाजारात आणले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटली हेच सुधारणेचे लक्षण ठरले. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत रुग्णालयातून घरी जाणाऱ्या पाच मातांपैकी जेमतेम एक अंगावर पाजत असे.

त्याच वर्षी इलिनॉय राज्यात 'ख्रिस्ती कुटुंब चळवळी'च्या एका सहलीत मेरी व्हाइट व मॅरियन टॉम्पसन ह्या दोघी आपापल्या बाळांना पाजत बसल्या होत्या. इतर स्त्रिया जवळ येऊन सांगू लागल्या, "आम्हांलाही पाजायचे होते, पण जमले नाही." त्यांना सांगणारे, धीर देणारे कोणीच नव्हते. तेव्हा सात कॅथलिक मातांनी मिळून एक मंडळ काढले. मात्र 'स्तन' हा शब्द वृत्तपत्रात छापणे त्या काळी असभ्य समजले जाई. मग मंडळाचे नाव काय ठेवावे?

नाव सापडले ते फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन ह्या गावी. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश वसाहतकऱ्यांनी तेथे दुग्धमातेची भक्ती आणली होती. 'नुएस्त्रा सेन्योरा दे ला लेचे' म्हणजे 'दुधाची आमची माता'. ह्या नावावरून 'ला लेचे लीग' हे नाव ठरले. पुढे ही संघटना धर्मभेद न मानता जगभर पसरली. भिडेपोटी जे चित्र बाजूला सारले गेले होते, त्यानेच ह्या मातांची भीड मोडली.

१९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने बालान्नाच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारी संहिता संमत केली आणि भारताने १९९२ साली तसा कायदा केला. कायद्याने जाहिरात थांबते. संकोच मात्र घरातच दूर व्हावा लागतो. पहिला पिवळसर चीक 'खराब' म्हणून पिळून टाकून बाळाच्या जिभेवर मध किंवा गूळपाणी ठेवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. वास्तविक रोगांशी झुंजण्याचे पहिले बळ बाळाला त्या चिकातूनच मिळते.

जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपलमध्ये स्नानसंस्काराच्या वेळी पोप फ्रान्सिस ह्यांनी मातांना सांगितले, की बाळे भुकेली असतील तर त्यांना निःसंकोच पाजा. भुयारातील त्या चित्रकाराला ह्यात नवल वाटले नसते. मिस्सेच्या वेळी रडणाऱ्या तान्हुल्याला घेऊन बाहेर उठून जाणाऱ्या आईकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे आपणही तपासून पाहावे.